कार्डावरचं पहिलं नाव

आमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, पण असा कधी ओरडला नव्हता. मम्मीने बटण दाबलं, पंखा फिरला, हिरवा लाईट लागला, आणि स्क्रीनवर काही यायच्या ऐवजी डब्यातून आवाज निघाला. टूँऽऽऽ. थांबला. परत टूँऽऽऽ. केळीचा ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो ना, अगदी तसा. फक्त हा ट्रक आमच्या घरात, आबांच्या खाटेच्या उशाशी होता.

"काय वं पोरी," आबा डोळे न उघडताच म्हणाले, "गाडी मागं येई राह्यली का घरात?"

मी खदखदून हसले. मम्मी हसली नाही. तिने बटण बंद केलं, परत चालू केलं. टूँऽऽऽ. स्क्रीन काळीच. तिने तळहात तोंडावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग माझंही हसू गेलं. कारण त्या डब्यात काय होतं, ते घरात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

माझी मम्मी घरी बसून कार्ड बनवते. म्हणजे लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांती, आणि कोणी गेलं की दिवसकार्याचं, म्हणजे गंधमुक्तीचं कार्ड. ती मजकूर टाईप करून, फोटो लावून, चौकट टाकून देते आणि बाजारातले भटूभाऊ त्यांच्या प्रेसमध्ये छापतात. अख्ख्या फैजपुरात 'रूपालीवहिनींचं कार्ड' म्हटलं की लोकांना कळतं, ह्यात काना-मात्रा चुकणार नाही. हल्ली ललित नावाचा एक मुलगा मोबाईलवरच कार्ड करून देतो. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात. त्याच्या एका कार्डात नवरीचं नाव 'चि. सौ. का.' च्या ऐवजी 'चि. सौ. काका' असं आलं होतं, पण ते जाऊ दे.

त्या दिवशी डब्यात होतं ते वनाकाकांच्या गंधमुक्तीचं कार्ड. वनाकाका आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. दीर्घ आजारपण झालं आणि गेले. त्यांच्या मागे सुनंदाकाकू आणि एक लेक, शीतलताई, ती चाळीसगावला दिलेली. मुलगा नाही.

मम्मी काकूंना भेटायला गेली होती तेव्हाची गोष्ट तिने मला सांगितली. बायका बसून, रडून, उठून गेल्या. मम्मीही उठली, तर काकूंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "रूपाली, कार्ड तूच करशील ना?"

"हो काकू."

"मग खालच्या नावांत माझं नाव पहिलं टाक."

मम्मीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कारण गंधमुक्तीच्या कार्डावर खाली 'शोकाकुल' म्हणून जी नावं असतात ना, ती भावांची, पुतण्यांची, चुलतभावांची, शेवटी कुठे जावयाची. बायकोचं नाव नसतंच. कोणी टाकलंच तर मध्ये कुठेतरी, आणि तेही 'गं.भा.' लावून. मला आधी वाटायचं, गं.भा. म्हणजे कुठली तरी डिग्री. मम्मीने सांगितलं, गंगाभागीरथी. नवरा गेला की बाईच्या नावाआधी लावतात.

काकूंनी तेही सांगून ठेवलं होतं. "गं.भा. लावू नको. ह्या घरात आले तेव्हा जे नाव मिळालं, तेच टाक. सुनंदा वना फिरके. कार्ड वाचणाऱ्याला वाटतं ना, ह्या माणसाला भाऊ होते, पुतणे होते, बायको नव्हतीच."

एवढं बोलून त्यांनी बाकीची नावं सांगितली. एकामागोमाग एक, न थांबता. कोण कोणाच्या आधी, कोणाच्या नावापुढे 'माजी सरपंच' लावायचं, कोणाचं घरगुती नाव टाकलं तर तो जेवायला येणार नाही, सगळं. मम्मी ती नावं ओठातल्या ओठात म्हणत घरी आली आणि चप्पल न काढता थेट कॉम्प्युटरसमोर बसली. कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. टाईप केलं, सेव्ह केलं, तेव्हा कुठे पाणी प्यायली.

आणि आता तो डबा टूँऽऽऽ करत होता.

काकूंचे दीर, सुकदेवकाका, त्यांनी आदल्याच दिवशी भटूभाऊंना सांगून ठेवलं होतं, "रूपालीवहिनीचं दुपारपर्यंत आलं तर ठीक, नाहीतर ललितकडून घेतो. माझ्याकडची यादी मी त्याला पाठवलेली आहे." आता त्या यादीत काकू कुठे असणार? कुठेच नाही.

"मम्मी, टेन्शन नको घेऊस," मी म्हणाले. "मी मोबाईलवर टाईप करते ना. तू नावं सांग."

"नावं आठवतात गं. क्रम आठवत नाही." ती खुर्चीवर बसली. "चुलतभावांत कोण आधी होतं? एखादं मागेपुढे झालं ना, तर सगळे म्हणतील हे सुनंदाबाईचंच काम. स्वतःचं नाव वर घातलं आणि आमची मुद्दाम खाली-वर केली. तिचं नाव पहिलं असेल तर बाकी सगळं बिनचूकच पाहिजे."

"मग काकूंना फोन कर."

"फोन सुकदेवभाऊंच्या खिशात असतो. भेटायला येणाऱ्यांचे फोन तेच घेतात."

"मग परत जा ना भेटायला."

"घर माणसांनी भरलंय डिंपल. मी जाऊन काय विचारू, सगळ्यांसमोर?"

बरोबर होतं. मी डब्याकडे बघितलं. तुम्हाला सांगते, मागच्या वर्षापर्यंत मी असली मुलगी होते की हजेरीला माझं 'यस सर' सरांना दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. ह्या वर्षी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांनी मला मदतनीस केलं. बंद पडलेले डबे उघडायचे, धूळ काढायची, वायरी ओळखायच्या. त्यातले दोन माझ्या हातून चालू झाले आणि माझ्या अंगात काय संचारलं कोणास ठाऊक. आता मी कशालाही 'मी करते' म्हणते. म्हणाले, "मी करते."

"तू?" मम्मी म्हणाली.

"मग कोण? ललित?"

तिने स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. पण त्याची गरजच नव्हती. डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण पप्पांनी आधीच काढून ठेवलं होतं, हवा लागावी म्हणून. पप्पा केळीच्या पॅकिंगला सकाळीच जातात. जाताना रोज त्या डब्याला एक टोमणा मारून जातात, "ह्याच्यात आता राम राहिला नाही."

मी वाकून आत बघितलं. धूळ असेल असं वाटलं होतं. धूळ होतीच, पण धुळीवर पांढरं पांढरं काहीतरी होतं. मीठ भुरभुरल्यासारखं. पंख्याच्या पात्यांवर, पट्ट्यांवर, सगळीकडे. बोट लावलं तर खरखरीत.

हे मी कुठे बघितलं होतं? मान वळवली आणि समोरच दिसलं. कूलर. आबांच्या खाटेसाठी लावलेला मोठा लोखंडी कूलर, त्याच्या गवतावर बोअरच्या पाण्याचा तसाच पांढरा थर. आमचं पाणी इतकं खारं आहे की बादलीसुद्धा पांढरी होते. आणि कूलरचं तोंड आबांच्या खाटेवरून थेट, अगदी नेम धरल्यासारखं, कॉम्प्युटरकडे.

"मम्मी," मी म्हणाले, "हा कूलर असाच ठेवला होता?"

"मीच ठेवला. आबांना पण लागतो आणि ह्यालाही." तिने डब्यावर हात ठेवला. "किती तापतं बिचारं. एप्रिलपासून हात लावला तर चटका. म्हटलं, जरा गार हवा लागू दे."

मी बोट मागे लपवलं. पण मम्मी हुशार आहे. तिने माझं बोट बघितलं, कूलरचं गवत बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मीच मारलं का गं त्याला?"

"नाही गं! लोक कॉम्प्युटरला एसी लावतात, आपण कूलर लावला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या खाली उतरतो का? तू एकटी नाही, मी पैजेवर सांगते, अर्ध्या फैजपुरात डबे कूलरसमोर आहेत."

ती हसली नाही. पदराने तो पांढरा थर पुसायला लागली. मी तिचा हात बाजूला केला. घामाने ओल्या पदराने नको, नाही तर सगळंच संपेल.

लॅबच्या सरांना फोन लावला, स्पीकरवर. ते भुसावळला कोणाच्या तरी लग्नात होते, मागे बँड सुरू.

"सर, लांब लांब बीप येतोय! स्क्रीनवर काही नाही!"

"काय? मोठ्याने बोल!"

"लांब बीप, सर!"

"अगं मग रॅम! रॅम काढ! प्लग काढ आधी, मग रॅम काढ! खोडरबराने घास! सोनेरी भाग! कळलं? आणि तो बटणासारखा शेल असतो ना, तोही काढून पुसून लाव! रॅम काढ, रॅम!"

बँडमध्ये फोन कट झाला. आबा खाटेवर कोपरावर टेकून उठले होते.

"कोण व्हता तो? राम काढ म्हणे. राम काढल्यावर त्याच्यात राहीन काय?"

"राम नाही आबा, रॅम. एक पट्टी असते."

"तुहा बाप तर म्हणे, राम कव्हाच गेला."

मी हसत हसतच प्लग काढला. खरं सांगायचं तर पट्टीला हात लावायच्या आधी मी हात दोनदा पुसले. शाळेतला डबा बिघडला तर शाळेचा. हा मम्मीचा होता.

पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या दाबल्या, ती टक् करून वर आली. खालची सोनेरी कड सोनेरी राहिलीच नव्हती. हिरवट पांढरी झाली होती, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी. कंपासपेटीतून खोडरबर काढलं, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. घासायला लागले. खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास. मम्मी शेजारी उकिडवी बसून बघत होती, बाळाचे कान टोचताना आई बसते तशी.

"जोरात नको."

"जोरातच लागतं."

"अगं, तुटेल."

"मम्मी, तू त्यापेक्षा भटूभाऊंना फोन करून ठेव."

तिने फोन लावला. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. "हो भाऊ... हो, होतंच आलंय... नाही, थोडंसंच राहिलंय..." माझी मम्मी खोटं बोलत नाही कधी. तिचा आवाज ऐकून माझी बोटं जास्तच जोरात चालायला लागली.

ती परत आली. "सुकदेवभाऊंचा फोन येऊन गेला म्हणे त्यांना. ललितचं कार्ड तयार आहे. भटूभाऊ म्हणाले, वहिनी, मी तुमच्यासाठी थांबलोय, पण दुपारचं जेवण होईपर्यंतच."

पट्टी लावली. शेल पुसून लावला. प्लग घातला. बटण दाबलं.

टूँऽऽऽ.

मला रडूच आलं. मी रडले नाही, पण आलं होतं. मम्मी ओरडली असती तरी चाललं असतं. ती फक्त भिंतीला टेकली आणि म्हणाली, "राहू दे डिंपल. मी काकूंना काय सांगू तेवढं बघते."

"काय सांगणार?"

"सांगेन, कॉम्प्युटर बंद पडला."

"आणि त्यांना खरं वाटेल?"

मम्मीने माझ्याकडे बघितलं. तिच्याही मनात तेच होतं. काकूंना वाटेल, रूपाली घाबरली. भाऊबंदकीत पडायला नको म्हणून कॉम्प्युटरचं निमित्त केलं. काकू काही बोलणार नाहीत, हो म्हणतील, आणि परत कोणाचा हात धरणार नाहीत.

"इथे नाही होणार," मी उठले. "इथे हवाच ओली आहे. चल, स्वयंपाकघरात नेऊ."

कूलर बंद केला असता तर आबांचे हाल झाले असते. म्हणून डबाच उचलला. मी डबा, मम्मी स्क्रीन आणि वायरींचा गुंता. आमचं स्वयंपाकघर पत्र्याचं. त्या वेळी तिथे उभं राहिलं की डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं वाटतं. पण कोरडं, अगदी खणखणीत कोरडं. डबा ओट्यावर ठेवला. पट्टी परत काढली, तिची खोबण जुन्या टूथब्रशने खरवडली, आतून पांढरी पूड पडत होती. शेजारी दुसरी खोबण होती, कधी न वापरलेली. मनात म्हटलं, तिच्यात लावून बघू. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून मम्मी माझं कपाळ पुसत होती, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं पुसतात तसं.

बटण.

टिक्.

एकच. छोटासा. आणि स्क्रीनवर अक्षरं!

मी अशी किंचाळले की आबांनी तिकडून विचारलं, "साप निंघाला का?"

अक्षरं इंग्रजीत होती. शेल काढल्यामुळे डबा तारीख विसरला होता, त्याला वाटत होतं हे साल दोन हजार नऊ आहे. म्हणजे माझा जन्मच झालेला नाही! तो सांगत होता, पुढे जायचं तर एफ-वन दाब. दाबलं. मग आली दुसरी पाटी. विंडोज मागच्या वेळी नीट चालू झालं नाही, आता काय करू? खाली दोन ओळी. एक, स्टार्टअप रिपेअर. दुसरी, नेहमीसारखं चालू कर. आणि कोपऱ्यात उलटे आकडे धावायला लागलेले.

रिपेअर म्हणजे दुरुस्ती. माझं बोट तिकडेच निघालं होतं.

"थांब," मम्मी म्हणाली. "दुरुस्तीत माझी फाईल जाईल का?"

मी तोंड उघडलं. ह्या वर्षी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. सरांच्या आधी असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

आकडे धावत होते. मम्मीने माझं बोट धरलं आणि बाणाच्या बटणाने खालच्या ओळीवर नेलं. "मग दुरुस्ती नको. जसं आहे तसं चालू होतंय का बघ."

दाबलं. काळं. बराच वेळ काळं. पत्रा तडतडत होता. मग तो ओळखीचा निळा रंग आला, आणि त्यावर माझा पहिलीतला फोटो, दात पडलेला. आयुष्यात पहिल्यांदा तो फोटो बघून बरं वाटलं.

फाईल उघडली. पूर्ण कार्डभर कचरा. इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या, शेपट्या, पौंडाची खूण. एक मराठी अक्षर नाही.

"गेली," मी म्हणाले. "मम्मी, गेली फाईल. खराब झाली."

आणि मम्मी हसली! सकाळपासून पहिल्यांदा. "अगं बाई, तुला एवढं येतं आणि हे नाही येत? आधी लिपी चालू करावी लागते, ते मराठीचं सॉफ्टवेअर. जुना फाँट आहे तो, लिपी झोपलेली असेल तर तो इंग्रजीच दाखवतो." तिने मला ढकललं, खुर्चीऐवजी तेलाच्या डब्यावर बसली, लिपीवर क्लिक केलं. लिपी म्हणाली, तारीख चुकीची आहे. मम्मीने मला विचारून तारीख बदलली, परत क्लिक केलं. तो सगळा कचरा डोळ्यांदेखत मराठी झाला. टोप्यांच्या वेलांट्या झाल्या, शेपट्यांचे उकार.

मी आनंदाने मोठमोठ्याने वाचायलाच लागले. "शोकाकुल! सुनंदा वना फिरके! सुकदेव..."

मम्मीने माझ्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. बाहेरच्या खोलीत खाट करकरली. मग आबा म्हणाले, "डिंपल. वाचता येत नाही का तुले? पहिलं नाव सुकदेवचं राहीन."

मी मम्मीकडे बघितलं. माझी मम्मी आबांशी कधी वर मान करून बोलत नाही. आबा म्हणजे तोतारामदादा, गल्लीतल्या सगळ्या बैठकांना ज्यांना बोलावतात ते. सुकदेवकाका त्यांच्या पाया पडतात. ती दारापर्यंत गेली, पदर सारखा केला.

"नाही आबा. पहिलं नाव सुनंदाबाईंचंच आहे. त्यांनी सांगितलं."

"असं नसते कुठी."

"नसतं."

"सुकदेव ऐकीन का? भांडण होईन त्या घरात. अन् बोल तुह्यावर येईन. उद्या गल्लीतून कोणी कार्ड देईन का तुले?"

मम्मीला हे माहीत नव्हतं असं नाही. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि चौकट घट्ट धरलेली होती. मग ती हळूच म्हणाली, "वनाभाऊंच्या दुखण्यात उशाशी कोण बसलं होतं आबा, ते तुम्ही पण बघितलंय."

आबांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं.

"सुकदेव मले इचारीन," ते भिंतीला म्हणाले, "तर मी झोपेल व्हतो."

मम्मी परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण तिने पेन ड्राईव्ह लावला, फाईल टाकली, आणि माझ्या मुठीत दिला. आबांच्या औषधाची वेळ होत आली होती, तिला निघता येत नव्हतं. "सायकलवर सावकाश जा. डोक्याला ओढणी बांध. आणि डिंपल, तिथे जास्त बोलू नको."

हे शेवटचं ती मला नेहमीच सांगते.

बाजार दुपारचा सुना पडलेला. भटूभाऊ प्रेसमध्ये डबा उघडून जेवत होते. टेबलावर ललितचं कार्ड पडलेलं, चकचकीत, दोन कबुतरं आणि समईसकट. भाऊंनी हात धुतला, पेन ड्राईव्ह लावला, मम्मीचं कार्ड उघडलं. "वहिनींचं काम ते वहिनींचं काम," म्हणाले. मग चष्मा वर केला.

"हे चुकलं."

"काय चुकलं?"

"सुकदेवभाऊंच्या वर सुनंदाबाई गेल्या. आणि गं.भा. राहिलं."

"चुकलं नाही भाऊ. राहिलंही नाही. काकूंनीच तसं सांगितलंय."

"तुला?"

"मम्मीला."

भाऊ खुर्चीत मागे टेकले. त्यांनी एकदा कबुतरांकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. "हे बघ पोरी. मेलेल्या माणसाच्या कार्डावरून जेवढी डोकी फुटतात, तेवढी जमिनीवरून फुटत नाहीत. माझी पद्धत आहे, छापायच्या आधी घरच्या माणसाला फोनवर सगळी नावं वाचून दाखवायची. तो 'हो' म्हणाला की मशीन चालू. मी आता तिथे फोन लावणार. कोण उचलेल, तुला माहीत आहे."

माहीत होतं. भाऊंनी फोन लावला, स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"हां, बोल भटू," सुकदेवकाकांचा आवाज. मागे माणसांची गडबड, भांड्यांचे आवाज. "ललितचंच घेतलं ना?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलायचं नव्हतं. मम्मीने जास्त बोलू नको म्हणून सांगितलं होतं. मी फोनवर वाकले.

"काका, मी डिंपल, तोतारामदादांची नात. नावं तपासायची आहेत. काकूंना द्या ना फोन."

"काकू काय तपासणार? मला वाच."

"काकूंनी मम्मीला सांगितली होती ना नावं. त्यांनाच विचारलेलं बरं. एखादं चुकलं तर परत तुमच्यावरच येईल काका."

हे मला कसं सुचलं, देव जाणे. मग दूर जाणारा आवाज, "वहिनी, प्रेसवाले नावं वाचताहेत. ऐका. मोठ्याने ठेवलाय." म्हणजे तिकडेही स्पीकर. सगळ्या बैठकीसमोर. मला वाटलं होतं, फोन काकूंच्या कानाला लागेल, त्या हळूच 'हो' म्हणतील आणि संपेल. आता भाऊबंदांनी भरलेली अख्खी खोली ऐकणार होती. मीच हे केलं होतं.

"काकू?" मी म्हणाले. "भटूभाऊ वाचताहेत."

भाऊंनी कपाळ पुसलं. घसा खाकरला. "शोकाकुल," ते म्हणाले, आणि थांबले. मग एका दमात वाचलं, "सुनंदा वना फिरके. सुकदेव..."

"थांब, थांब," तिकडून कोणीतरी म्हणालं. भांड्यांचा आवाज बंद झाला. "काय वाचलं त्याने? कोणाचं नाव?" "चुकून आलं असेल." "वहिनी, तुम्ही सांगितलं का असं?"

मी टेबलाची कड धरली होती. भटूभाऊंनी पुढची नावं वाचायला तोंड उघडलेलं तसंच राहिलं. काकू नाही म्हणाल्या असत्या, चुकलं म्हणाल्या असत्या, तरी मला त्यांचा राग आला नसता. बाकी सगळ्यांचे आवाज येत होते, फक्त त्यांचा येत नव्हता.

मग आला. घसा बसलेला होता, पण शब्द सुटे सुटे.

"भटू."

"हां काकू."

"परत वाच. मोठ्यानं वाच. ह्यांले ऐकू नाही आलं."

भाऊ उठून उभेच राहिले. फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा आवाजात परत पहिल्यापासून सुरुवात केली.